उद्या सकाळी नक्की!

गतवर्षीच्या चैत्रात आमच्या घराच्या परसात एक नवी खोली झाली. ती सहा फूट लांब व पाच फूट रुंद होती, तिला एक दार होते, एक झरोका होता, आणि ती संपूर्णपणे पांढऱ्या फक्कीची होती. म्हणजे असे की, गवंड्याने जमिनीवर फक्की सोडून तिच्या रेघा आखल्या होत्या, चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकून सुतळी ताणली होती, आणि "उद्या सकाळी नक्की येतो, सर," असे म्हणून तो निघून गेला होता. ती खोली वळवाच्या पावसाने वाहून नेली. मी पुन्हा फक्की आणली आणि आठवेल तशी ती आखली. ही दुसरी खोली मृगाने नेली. तिसऱ्यांदा मी आखावयाला बसलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारले, "रांगोळीच घालायची आहे, तर निदान ठिपक्यांची तरी घाला!"

आमचे डोणगाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात आहे. नागपूरहून मेहकरमार्गे मुंबईकडे जाणारा जुना रस्ता गावातूनच जातो. पूर्वी या रस्त्याने रात्रंदिवस मालमोटारी धडधडत असत. आता लांबचे प्रवासी समृद्धी महामार्गाने जातात. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून तो सबंध ७०१ किलोमीटरचा रस्ता वाहता आहे. नागपूरहून सकाळी निघालेला माणूस मुंबईच्या दाराशी किती वाजता पोचेल, हे आता घड्याळ पाहून सांगता येते. आमच्याच गावातला गवंडी दोन गल्ल्या ओलांडून माझ्या परसात कोणत्या महिन्यात पोचेल, हे मात्र मला सांगता येत नव्हते.

खोली हवी होती ती आईसाठी. आमचे घर जुने, माळवदाचे. न्हाणी आणि संडास परसाच्या पार टोकाला, विहिरीच्या पलीकडे. माझ्या लहानपणी ते अंतर काहीच वाटत नसे. पण आईने पंचाहत्तरी ओलांडली, गुडघे बोलू लागले, आणि माघातल्या एका रात्री विहिरीजवळच्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला. उजव्या मनगटाचे हाड मोडले. ते दीड महिन्याने जुळले. परंतु पुढे एके दिवशी सौ.च्या लक्षात आले की, दुपारी चारनंतर आई पाणी पीत नाही. चहासुद्धा अर्धाच कप घेते. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "रात्री उठावं लागू नये म्हणून. तुमची झोपमोड कशाला?"

म्हणून तिच्या खोलीला लागून एक लहानशी न्हाणी, बसावयाला कमोड आणि हाताने धरावयाला भिंतीत दांडी, एवढेच करावयाचे ठरले. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "दादा, पैसे निम्मे माझे. पण तीन ठिकाणची कोटेशनं घेतल्याशिवाय काम देऊ नकोस." कोटेशन म्हणजे अवतरण, आणि ते दोन अवतरणचिन्हांत घालावयाचे असते, एवढेच ज्ञान बाळगून मी आजवर महाविद्यालयात मराठी शिकवीत आलो. तरी भावाची आज्ञा प्रमाण मानून मी तीन गवंड्यांना बोलावले.

पहिल्याने सगळे नीट पाहिले. ओळंबा सोडून जुनी भिंत तपासली, टेपेने मापे घेतली, आणि खिशातली एक लग्नपत्रिका काढून तिच्या पाठीवर हिशेब मांडला. विटा १,२००, सिमेंट ३० पोती, वाळू एक ब्रास, टाइल, कमोड, पाइप, वरती पत्रा, मागे शोषखड्डा, आणि मजुरी. एकूण ९५,००० रुपये. अक्षर सुरेख होते. (माझ्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पाहणाऱ्यालाच या वाक्यातला आनंद कळेल.) दुसऱ्याने कागद मागितलाच नाही. तो परसात एक चक्कर मारून आला व म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी." तिसरा पुष्कळ वेळ आभाळाकडे पाहत राहिला आणि शेवटी त्याने १,०५,००० सांगितले.

त्या रात्री मला व्यवहारचातुर्याची धुंदी चढली होती, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी पहिल्याला गाठले आणि दुसऱ्याचा आकडा त्याच्यापुढे ठेवला. "अठ्ठ्याऐंशीला करता का?" त्याने ती लग्नपत्रिका घडी घालून खिशात ठेवली. "होईन न सर. तुमच्यापुढं काय जास्त बोलाचं?" मग त्याने फक्की मागितली, रेघा आखल्या, आणि तो उद्या सकाळी नक्की यावयाला म्हणून गेला.

यानंतरच्या सहा महिन्यांचे पंचांग मला तोंडपाठ आहे. चैत्र-वैशाखात लग्नसराई, गवंड्याच्या घरचीच दोन लग्ने होती. ज्येष्ठात वाळू मिळत नव्हती, आणि मिळाली तेव्हा तिचा भाव सोन्याच्या बाजूने चालला होता. मृग बरसला आणि मजूर पेरणीला गेले. आमच्याकडचा बिगारी हा बारमाही बिगारी नसतो. तो अर्धे वर्ष शेतमजूर असतो, आणि जमिनीला वाफसा आला की, घमेले टाकून तिफणीमागे जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आषाढात पावसाची झड होती. श्रावणात गवंड्याच्या मेव्हण्याने कावड नेली, तिच्यामागे तोही गेला. पोळ्याला कोणी काम करीत नाही आणि पोळ्याच्या कराला तर मुळीच नाही. मग गणपती. गणपती उठले की पितृपंधरवडा, ज्यात नवे काम काढावयाचे नसते. या सगळ्या काळात फोन केला की, तिकडून नेहमीच आदराने उत्तर येई. "हाव सर, ध्यानात हाये. उद्या सकाळी नक्की!" एकदाही आवाज चढला नाही, एकदाही फोन कापला गेला नाही. असा नम्र नकार मी सरकारी कचेरीतदेखील अनुभवलेला नाही.

दाराचे काम ज्या सुताराला सांगितले होते, त्याची कथा थोडी वेगळी. तो सरकारच्या विश्वकर्मा योजनेत नाव घालून प्रशिक्षणाला गेला होता. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी अशा १८ कारागिरीच्या धंद्यांना तीत प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळावयाचे असतात. तो परत आला तेव्हा मी आनंदाने त्याचे अभिनंदन केले. तो म्हणाला, "आता नवीन हत्यारानंच तुमचं दार करतो, सर. हत्यारं आली की." हत्यारांची वाट मग आम्ही दोघांनी मिळून पाहिली.

शेवटी मेहकरच्या एका वकील मित्राकडे गेलो. मी त्याला १८७२ च्या करार कायद्यापासून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापर्यंत सगळे उपाय विचारले. माझे बोलणे त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"इसार दिलास?"

"नाही."

"मुदत लिहून घेतलीस?"

"नाही."

"भाव ठरला, तो कागदावर आहे?"

"लग्नपत्रिकेवर आहे. पण तो आधीचा भाव. आणि पत्रिका त्याच्याकडेच आहे."

"मग तू ग्राहक नाहीस," मित्र म्हणाला, "तू श्रोता आहेस."

घरी येऊन मी कपाटातले 'गावगाडा' काढले. त्रिंबक नारायण आत्र्यांचे हे पुस्तक १९१५ सालचे. गावचे वतनदार, बलुतेदार, त्यांची कामे, त्यांचे हक्क, कुणब्याच्या खळ्यावर पडणारा त्यांचा वाटा, हे सगळे त्यात महसूल खात्यातल्या माणसाच्या बारीक नजरेने मांडलेले आहे. बलुत्याच्या पद्धतीत अंदाजपत्रक नसे. सुताराने वर्षभर औते, तिफणी, चौकटी दुरुस्त करावयाच्या आणि सुगीला खळ्यावर येऊन आपले धान्य न्यावयाचे. मला ते वाचून, खरे सांगतो, हेवा वाटला. आई जवळच वाती वळत बसली होती. तिला मी हे सांगितले, तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"अरे, त्या वेळी उद्या हा शब्दच नव्हता. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पावसाळ्यात माजघराचं दार बिजागरीतून निखळलं. संध्याकाळची वेळ. मामंजींनी गड्याला धाडलं, तर सुतार हातातला घास ताटात ठेवून आला. कंदिलाच्या उजेडात रात्रभर रंधा मारत होता. पहाटे दार बसवून गेला. ते दार अजून हललेलं नाही."

माजघराचे ते दार मी रोज उघडतो व लावतो. सागवानी आहे, जड आहे, आणि खरोखरच आजतागायत कुरकुरलेलेही नाही. त्या रात्री मी अंथरुणावर पडल्या पडल्या आजोबांच्या त्या एका हाकेचा विचार करीत राहिलो. माझे एकशेवीस फोन आणि त्यांची एक हाक!

पितृपंधरवडा संपत आला तेव्हा मी गवंड्याला प्रत्यक्ष गाठावयाचे ठरविले. तो गावाच्या टोकाला एका घरकुलाच्या छतावर सापडला. खाली एक बाई डोक्यावर पदर घेऊन सळ्यांना तार बांधीत होती. मी बराच वेळ उभा राहिलो. तो थापी धुऊन खाली उतरला आणि त्याने मला सिमेंटच्या पोत्यावर बसावयाला जागा करून दिली. मी बोलावयाला सुरुवात करणार, तोच तो म्हणाला, "सर, हिचं छत पडलं की फोटो चढन, अन् फोटो चढला की हप्ता येईन. लेकरं तिकडं पत्र्याखाली भिजून रायली. म्हून हे अगोदर घेतलं."

घरकुलाचा हिशेब मला ऐकून ठाऊक होता. १,२०,००० रुपयांचे अनुदान, तेही तुकड्यातुकड्याने. जोते झाले की त्याचे छायाचित्र, छत झाले की त्याचे छायाचित्र. टप्पा दिसल्याशिवाय पुढचा पैसा सुटत नाही. माझ्या एका न्हाणीचा खर्च त्या बाईच्या सबंध घराच्या अनुदानाजवळ जात होता. हा विचार मला तेथे, पोत्यावर बसल्यावर सुचला. आधी सुचला नव्हता.

"पण मग मला स्पष्ट नाही म्हणायचं," मी म्हणालो. "मी दुसरा पाहिला असता."

तो हसला. "दुसरा कोण, सर? तुमी ज्याले अठ्ठ्याऐंशी इचारलं तो माहा साडू. तिसरा माह्याच हाताखाली शिकला. त्यानं मुद्दाम जास्त सांगतलं, का काम मले भेटावं म्हून. अन् साडूनं कमी सांगतलं, कारन त्याच्या हाताले काम नव्हतं. तुमी त्याचा भाव मले सांगतला. त्या भावात मी काम घेतलं, तं त्याच्या पोटावर पाय. नाई घेतलं, तं तुमच्या मनात मी लुटारू."

"मग नाही म्हणायचं," मी पुन्हा म्हणालो. मास्तरांना एकच प्रश्न दोनदा विचारण्याची सवय असते.

"तुमाले तोंडावर नाई कसं म्हनाव?" तो म्हणाला. "उद्या म्हनलं का मानूस समजून घेते."

सहा महिने मी समजून घेतले नव्हते. मराठी हा माझा विषय आहे. शब्दाचा वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. (या अंकाच्या संपादकांनाही मी हा लेख तीनदा "उद्या नक्की पाठवतो" असे कळविले होते. ते मात्र समजून चुकले असावेत, कारण चौथ्यांदा त्यांनी तारीख विचारली नाही, पाने विचारली.)

तेथेच बोलणे झाले. भाव ९५,०००, आणि साडूला बरोबर घ्यावयाचे. मी दहा हजारांचा इसार दिला, तो त्याने कपाळाला लावून खिशात ठेवला. भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सात हजार जास्त?" मी म्हणालो, "हो." त्याला फोनवर साडूची गोष्ट सांगणे मला जमले नाही.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोघेही दारात उभे होते. मजूर एकही नव्हता. शिवारात सोयाबीन सोंगणीला आले होते आणि मजूर तिकडे होते. तेव्हा माल कालवावयाला गवंड्याची बायको आली आणि घमेली उचलावयाला मी. माझे दोन विद्यार्थी रस्त्याने जाताना थबकले, त्यांनी मला डोक्यावर चुंबळ घेतलेली पाहिली, आणि अत्यंत गंभीरपणे नमस्कार केला. अकरा दिवसांत भिंती उठल्या, गिलावा झाला, टाइल बसल्या. दांडी कोठे बसवावयाची हे ठरविण्यासाठी गवंड्याने आईला प्रत्यक्ष उभे केले, तिचा मोडलेला हात कुठवर जातो ते पाहिले आणि तेथे खिळ्याने खूण केली. ही गोष्ट कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती.

दाराचे माप घ्यावयाला सुतार आला तो दिवाळीच्या तोंडावर. चौकटीला गुण्या लावून त्याने ती काटकोनात आहे की नाही ते पाहिले आणि मग आईच्या खोलीतून बाहेर पडताना माजघराच्या दाराशी थांबला. दाराच्या कडेवरून त्याने तळवा फिरवला.

"हे माह्या आज्यानं केलं," तो म्हणाला.

आई पलंगावर बसली होती. ती उत्साहाने म्हणाली, "हो! एका रात्रीत केलं. हातातला घास ठेवून आला होता तुझा आजा."

"हाव, काकू. आमच्या घरी बी सांगतात ही गोष्ट." तो अजून दाराकडेच पाहत होता. "त्या राती आमची आजी अडली व्हती. आजा दोन घास खाऊन सुईणीले आणाले निघनार, तं वाड्यावरून बलावनं आलं. मंग शेजारची मानसं गेली सुईणीकडं. माहे बाबा झाले त्या राती. आज्यानं लेकराचं तोंड दुसऱ्या दिशी पाह्यलं, दार बसवून गेल्यावर."

तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. घरात एखादी जुनी गोष्ट जशी चालत आलेली असते, तशी सांगत होता. मला काय बोलावे ते सुचेना. आजोबांना ते ठाऊक होते काय? असले तरी त्यांनी सुताराला परत पाठविले असते काय? माझ्या आठवणीतले आजोबा प्रेमळ होते. मला ते खांद्यावर बसवून बाजाराला नेत. पण सुताराला "उद्या सकाळी येतो, मालक," असे म्हणण्याची सोय त्यांनी ठेवलेली नव्हती. त्याची सुगी आमच्या खळ्यावर अवलंबून होती. ज्या हाकेचा मी रात्रभर हेवा केला, ती ही हाक.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मला माहीत होतं रे. गड्यानं येऊन सांगितलं होतं ओसरीवर. मी दाराआडून ऐकलं. पण तेव्हा मामंजींपुढे सुनेनं बोलायची रीत नव्हती." ती आतापर्यंत ही गोष्ट मला किती वेळा सांगत आली होती! दरवेळी ती घासापाशी सुरू होऊन दारापाशी संपे.

"तुला काय मिळालं असेल रे तेव्हा आज्याला?" तिने विचारले.

"ते काही सांगत नाईत, काकू," सुतार म्हणाला. "सुगीले जे भेटे ते. त्याच्यातच."

सौ.ने चहा आणला. तो त्याने पायरीवर बसून घेतला. जाताना मी त्याला दाराचा इसार दिला आणि भाव कमी करावयाला सांगितले नाही. चप्पल पायात सरकवीत तो म्हणाला, "दार उद्या सकाळी नक्की आनतो, सर."

"घाई नको," मी म्हणालो. "घरचं बघून, सवडीनं आणा."

"सवडीनं काय?" आतून आईचा आवाज आला. ती नव्या न्हाणीच्या उंबऱ्यात, दांडी धरून उभी होती. "हा पडदा वाऱ्यानं उडतो!"

दार आठव्या दिवशी आले. चांगले झाले आहे. आतून एक कडी बसवावयाची तेवढी राहिली आहे.